दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिली केस: कबुली देण्याआधी हे वाचा

‘पहिलीच वेळ आहे, कबूल कर, दंड भर अन् मोकळा हो,’ असं कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या कोर्टात सोबत आलेले मित्र हमखास सांगतात. घाई करू नका. नुसता दंड झाला तरी ती दोषसिद्धीच, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवल्याची नोंद, आणि काही वर्षांनी ती पुसून टाकायची सोय आपल्या कायद्यात नाही. जे करायचं ते निकालाआधीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कैद दोन वर्षांच्या आतली आहे, म्हणूनच १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम ३ मागता येतं. आधी शिक्षा झालेली नसेल तर न्यायाधीश ताकीद देऊन सोडू शकतात. दोष नोंदवला जातो, पण याच कायद्याच्या कलम १२ मुळे त्यापोटी येणारी अपात्रता लागत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हे फार मोलाचं आहे. वकिलामार्फत लेखी अर्ज द्या, शिक्षणाचे-नोकरीचे कागद जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

निकाल लागून गेला असेल तर सेशन्स कोर्टात अपिलाला ३० दिवस असतात. कबुली दिली असेल तर मात्र फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावरच भांडता येतं.

चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर केस विचारली असेल तर लपवू नका. लपवल्याचं उघड झालं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.