बांधावरची शिंदी: मृगाच्या तोंडावर काय करावं, काय टाळावं

मृग लागायच्या आत बांध मोकळे करायचे म्हणून सध्या गावोगाव जेसीबी फिरतोय. घाणेरी, वेडी बाभूळ यांच्यासोबत शिंदीही उपटली जाते. तिचा काटा बैलाच्या खुरात बसतो, ट्रॅक्टरचं टायर पंक्चर करतो आणि ती काही देत नाही अशी आपली समजूत असते. जेसीबीवाल्याला हात दाखवण्याआधी झाडाखाली उभं राहून एकदा वर बघा. मे अखेरपासून जुलैपर्यंत मादी झाडांवर पिवळे-नारिंगी घड लोंबत असतात. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे ठरवायचं असेल, तर तेही याच दिवसांत.

शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्वेस्ट्रिस, खजुराची आपल्याकडची रानटी बहीण. खजुराला बुंध्याजवळ फुटवे येतात, शिंदीला सहसा येत नाहीत. त्यामुळे तिची लागवड बियांपासूनच होते, आणि नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे रोप नर निघणार की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. तो यायला पाच वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणूनच बांधावर आयतं उभं असलेलं मादी झाड मोलाचं आहे. ज्या झाडांवर आता घड दिसतात त्यांच्या बुंध्यावर चुन्याची किंवा रंगाची ठसठशीत खूण करून ठेवा. पावसानंतर फळं गेली की दोन्ही झाडं सारखीच दिसतात. नर झाडं सरसकट काढू नका. परागासाठी ती लागतातच, शिवाय पानं आणि नीरा नराकडूनही मिळते.

आता फळांचं. खरं सांगायचं तर शिंदोळ्यांवर, म्हणजे शिंदीच्या फळांवर, कुणी श्रीमंत होणार नाही. फळ इंचभराचं, त्यात बी मोठी आणि गर पातळ. बाजारातली खारीक ही खजुराची असते, शिंदीची नव्हे. तरीही आठवडी बाजारात पिकलेल्या शिंदोळ्यांना गिऱ्हाईक असतं, आणि घरच्या मुलांसाठी हे फळ विकतच्या गोळ्या-बिस्किटांपेक्षा केव्हाही बरं. हिरवं-पिवळं फळ तुरट लागतं, घसा धरतो. रंग गडद नारिंगी होऊन एखाद-दुसरं फळ तांबूस, मऊ पडू लागलं की अख्खा घड दांड्यासकट कापून उतरवा आणि गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. काही घरांत वरून मिठाचं पाणी शिंपडतात, त्याने फळ लवकर मऊ पडतं. झाडावरच पूर्ण पिकू द्यायची वाट बघाल तर पहिल्या मोठ्या सरीनंतर फळं तडकतात, आंबतात आणि उरलेली बुलबुल-मैनांची होतात. दोन-चार घड त्यांच्यासाठी सोडायला हरकत नाही. ओढ्याकाठी न लावता उगवलेली शिंदी पाखरांनी आणि उदमांजरांनीच लावलेली असते.

फळं खाताना एक काळजी मात्र कटाक्षाने घ्या. पिकल्या घडांवर रात्री वटवाघळं येतात. दाताची खूण असलेलं, अर्धवट कुरतडलेलं किंवा झाडाखाली पडलेलं फळ माणसाने खाऊ नये, मुलांना तर हे बजावूनच सांगा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि त्यांत माणसाला जीवघेणा ठरू शकणाऱ्या निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या होत्या. म्हणून घाबरून झाडं तोडायची गरज नाही, वटवाघळांच्या मागे लागायची तर अजिबात नाही. घड वेळेत उतरवणं, चावलेली फळं खड्ड्यात पुरणं आणि चांगली फळं धुऊन खाणं एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

उतरवताना काट्यांचं भान ठेवा. शिंदीच्या झावळीच्या देठाजवळच्या पात्याच रूप बदलून काटे झालेल्या असतात, टणक आणि सुईसारख्या अणकुचीदार. घडापर्यंत हात घालायचा तर या काट्यांच्या रांगेतूनच जावं लागतं. आधी लांब दांड्याच्या आकड्याने किंवा कोयत्याने खालच्या झावळ्यांचे काटे तासून घ्या, मगच शिडी लावा. जाड चामडी हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्याजवळ काटा लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. बोटाच्या पेरात किंवा गुडघ्यात काटा शिरला तर आणखी सावध राहा. त्याचं टोक सांध्यात मोडून राहतं, वरची जखम भरते आणि सांधा मात्र आठवडेच्या आठवडे सुजलेला राहतो. साध्या एक्स-रेत असा काटा बहुधा दिसत नाही, त्यामुळे तो शिंदीचा होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. तासलेले काटे बांधावर पसरून न ठेवता गोळा करून एका जागी जाळा. पंक्चर झालेल्या टायरांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

बी पेरायचं असेल तर हाच हंगाम. गोड, त्यातल्या त्यात गरदार फळाचं झाड निवडा. रोप आईसारखंच निघेल याची हमी नाही, पण कडू-तुरट झाडाचं बी मुद्दाम कशाला लावायचं? गर पूर्ण धुऊन काढा, बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवा आणि ताजंच पेरा. शिंदीचं बी उगवतं ते जरा वेगळ्या रीतीने. बियातून आधी एक दांडा जमिनीत खाली उतरतो आणि त्याच्या टोकाकडून मुळी व पान निघतं. त्यामुळे उथळ पिशवीत रोप अडकतं. पिशवी घ्यायचीच तर उंच घ्या. नाहीतर बांधावर जागेवरच दोन-तीन बिया टोकणं उत्तम. एक ते तीन महिन्यांत उगवण दिसते, काही बिया त्याहून उशिराही येतात, म्हणून जागा लगेच उकरून बघू नका. पहिलं पान अखंड, अरुंद असतं, गवताच्या पात्यासारखं. भांगलणीत हीच रोपं सर्वात जास्त जातात. जागेवर काठी रोवून ठेवा आणि भांगलणाऱ्या बायकांना आधीच दाखवा. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण पुरतं.

शिंदीची बाग करू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. चांगली काळी किंवा मध्यम जमीन तिला देऊन दहा वर्षं वाट बघणं परवडत नाही. तिची जागा म्हणजे ओढ्याचा काठ, पाझराखालचा दलदलीचा तुकडा आणि कालव्याच्या पाण्याने चोपण, म्हणजे क्षार साचून चिकट-कडक, झालेला कोपरा, जिथे दुसरं काही धड येत नाही. खारवट जमीन आणि काही काळ साचलेलं पाणी ती सोसते. चोपण जमीन ती सुधारत नाही, फक्त तिथे तग धरते, हेही लक्षात ठेवा. मुळं तंतुमय असल्याने काठाची माती धरून ठेवतात. दोन झाडांत तीन ते चार मीटर अंतर ठेवा. पायवाट, गोठा आणि शाळेच्या वाटेपासून लांब लावा; काटा कुठे आहे हे लहान मुलाला कळत नाही.

पाऊस सुरू झाला की भुंग्यांकडे बघायला हवं. शेणखताच्या खड्ड्यात वाढणारा गेंड्या भुंगा मधला कोंब कुरतडतो, आणि ते पान उलगडलं की त्यावर कात्रीने कापल्यासारखे तिरपे काप दिसतात. त्याने केलेल्या जखमेतून, किंवा आपण कोयत्याने केलेल्या जखमेतून, सोंड्या भुंगा आत शिरतो. तो खोड आतून पोखरतो आणि बाहेर फक्त तपकिरी चिकट स्राव नि चघळलेला भुसा दिसतो. शेंडा कलंडेपर्यंत थांबलात तर झाड गेलंच समजा. असं मेलेलं झाड तसंच उभं ठेवू नका; तोडून, चिरून जाळा, नाहीतर शेजारच्या नारळांनाही त्याचा उपद्रव होतो. खताचा खड्डा पावसाआधी उलथून अळ्या वेचा, त्यात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळता येते. जवळ नारळ किंवा खजुराची बाग असेल तर सोंड्या भुंग्याचे कामगंध (वासाने भुंगे ओढणारे) सापळे सगळ्यांनी मिळून लावा. एकट्याने लावले तर साऱ्या शिवारातले भुंगे तुमच्याच बांधाकडे ओढले जातात. औषध टोचायचं असल्यास कृषी सहायकाला विचारूनच, आणि त्या झाडाची फळं किंवा नीरा त्या हंगामात घेऊ नका.

केरसुण्यांसाठी झावळ्या विकणाऱ्यांनी आता कोयता म्यान करावा. पावसात कापलेली पाती वाळत नाही, काळी पडते. भाद्रपदाच्या उन्हात कापलेली दिवाळीच्या आत वाळते, आणि लक्ष्मीपूजनाच्या केरसुणीला तेव्हाच मागणी असते. फक्त खालच्या, जुन्या झावळ्या घ्या, एकूण पानांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. देठ खोडाला घासून न कापता वीतभर सोडून कापा. केरसुण्या बांधणाऱ्या मातंग कारागिरांना झाड कसं राखायचं याची समज बहुतेक शेतमालकांपेक्षा जास्त असते. तोडणी त्यांच्यावर सोपवली तर नुकसान कमी होतं.

अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक येतं. रिसॉर्ट आणि बंगल्यांच्या बागांसाठी पूर्ण वाढलेली शिंदी मुळासकट नेणारे व्यापारी किरकोळ पैसे पुढे करतात. तेवढं झाड उभं राहायला किती पावसाळे लागले याचा हिशेब करूनच भाव सांगा. ओढ्यातली किंवा गायरानातली झाडं आपली नसतात, ती विकून नसती झंझट ओढवून घेऊ नका.

नीरेचा हंगाम थंडीतला, पण तयारी आत्तापासून. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली रसासाठी शिंदी छेदायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी. ताजी नीरा ऊन चढलं की आंबायला लागते आणि मग कायद्याच्या नजरेत ती ताडी ठरते. बंगालात थंडीत याच झाडाच्या रसाचा नोलेन गूळ करतात, आणि त्या गुळावर उभ्या असलेल्या जयनगरच्या मोवा या मिठाईला २०१५ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बांगलादेशात मात्र कच्चा रस पिण्यातून निपाहची लागण वारंवार झाली, कारण वटवाघळं रात्री मडक्याशी येऊन रस चाटतात. तिथे आता छेदावर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांचं झाकण बांधायचा उपाय सुचवला जातो. आपल्याकडेही जे छेदतील त्यांनी तसं झाकण बांधावं आणि शक्यतो रस उकळून गूळच करावा. छेद दरवर्षी खोडाच्या उलट बाजूला घ्या; सलग एकाच बाजूला घेतला तर झाड कमकुवत होतं. परवानगीच्या अर्जासोबत झाडांची संख्या आणि गट क्रमांक द्यावा लागेल असं धरून चाला. आता बुंध्यावर केलेल्या खुणा मोजून ठेवल्यात तर तेव्हा पुन्हा रान तुडवावं लागणार नाही.