ओसीआय कार्ड घेऊन कोकणात राहायला येणाऱ्यांसाठी

आमच्या वाडीत मी धाकटी सून. देवळात गेले की गुरव आमच्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, शिमग्याला पालखी दारात आली की देवीची ओटी मी भरते. तीच मी बँकेत, आयकर खात्यात आणि पोलिसांच्या नोंदीत ब्रिटिश नागरिक आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरला एकतीस वर्षं काढून २०१७ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं गुहागर तालुक्यात कायमचे राहायला आलो. या दोन ओळखींची गल्लत केल्यामुळे सुरुवातीला आमचे जेवढे हाल झाले, तेवढे पावसाने किंवा विजेनेही केले नाहीत. गावातली माणसं प्रेमाने म्हणतात, "वहिनी, तुम्ही काय परक्या आहात का?" ती मनापासून म्हणतात. पण सातबाराला आणि पासपोर्टला ते माहीत नसतं, आणि कामं त्यांच्याकडेच अडतात.

पहिली गोष्ट ओसीआयची, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या कार्डाची. त्याला दुहेरी नागरिकत्व समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि अनिवासी भारतीयांना असलेल्या बऱ्याचशा सवलती. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. दुसरं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला होता ना, त्याचं सरेंडर सर्टिफिकेट घरात आहे ना, हे निघण्याआधी पाहा. आणि गावातल्या मतदार यादीत नाव राहिलं असेल तर ते स्वतःहून काढून घ्या. ह्यांचं नाव तसंच राहिलं होतं. निवडणुकीच्या दिवशी सकाळी चुलत दीर रिक्षा घेऊन दारात उभे, "चला दादा, तुमचं नाव आहे यादीत." ह्यांनी नाही म्हटलं, तर ते दुखावले. पुढच्याच आठवड्यात नमुना ७ भरून नाव कमी करून घेतलं. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे, तिथे नात्याची भीड चालत नाही.

ओसीआय असेल तर पोलिसांत नोंदणी करावी लागत नाही, कितीही वर्षं राहा. मात्र कायमचा पत्ता बदलला की परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ई-मेलने कळवायचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. त्या ई-मेलची प्रत छापून फाईलला लावा. पन्नाशी उलटल्यावर नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. त्याला पैसे पडत नाहीत. मुलगी-जावई किंवा कुणी परदेशी पाहुणा तुमच्याकडे राहायला येणार असेल, तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते का, हे आधी विचारून ठेवा.

कधी यावं असं विचाराल तर दिवाळीच्या सुमारास. एक तर पाऊस संपलेला असतो, घर उघडून डागडुजीला सहा महिने मिळतात. दुसरं कारण आयकराचं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि रहिवासाचा मुख्य हिशोब १८२ दिवसांचा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर आलात, आणि आधीच्या चार वर्षांत इथे फार दिवस काढले नसतील, तर ते वर्ष बहुधा अनिवासी म्हणूनच जातं. त्यानंतर जी साधारण दोन-तीन वर्षं मिळतात त्यांत तुम्ही 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' अशा वर्गात असता, आणि तिकडच्या पेन्शनवर, तिकडच्या व्याजावर इथे कर लागत नाही. पुढे मात्र सगळ्या जगातलं उत्पन्न दाखवावं लागतं. हे ठरवायला विमानात बसण्याआधी सीएला गाठा. आम्ही मार्च संपल्यावर गेलो होतो; गेलेलं वर्ष मागे घेता येत नाही. बँकेतली एनआरई, एनआरओ ही अनिवासींची खातीही कायमचे आल्यावर बदलून घ्यावी लागतात. पौंड पौंडांतच ठेवायचे असतील तर रहिवाशांसाठी आरएफसी हे परकीय चलनाचं खातं असतं, ते मुद्दाम मागा, कारण लहान शाखेत ते आपणहून कुणी सांगत नाही.

आधार ओसीआयवाल्यालाही मिळतं, पण गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं, आणि ते दहा वर्षांपुरतं असतं. पॅनचा अर्ज भारतीय नागरिकाचा वेगळा, परदेशी नागरिकाचा वेगळा. गावातल्या सेवा केंद्रातला मुलगा तुमचं आडनाव बघून सवयीने भारतीय नागरिकाचाच भरेल. शेजारी बसा आणि बघा.

आता जमीन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथेच आपली माणसं फसतात.

आमच्या कुंपणाला लागून एक आगर होतं, बारा गुंठे, माड आणि पोफळी, मधोमध पाट जाणारा. मालक आमच्या ओळखीचे, मुलीच्या लग्नासाठी विकत होते. आम्ही इसार दिला, गावभर पेढे झाले. मग वकिलांनी कागद पाहिले आणि डोक्याला हात लावला. ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाउस, मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येतच नाही. माड-पोफळीचं आगर म्हणजे शेतजमीनच. इसाराचे पैसे लग्नात खर्च झालेले. परत यायला दीड वर्ष गेलं आणि तेवढे महिने दोन घरांमध्ये बोलणं जपून होतं. मालकांची काही चूक नव्हती. त्यांनी आम्हाला गाववाले धरलं होतं, आम्हीही स्वतःला तसंच धरलं होतं.

वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. बिनशेती जागा, घर, फ्लॅट विकत घेता येतो. म्हणून आधी वाडवडिलांचं काय आहे ते बघा. सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना, तो सरकारी कामाला चालतो. आमचा उतारा पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यावर सामाईकात तेवीस नावं होती, त्यातली नऊ माणसं वारलेली. कोकणात हे घरोघरी आहे. मुंबईला गेलेले चाकरमानी, बडोद्याला गेलेले, आपल्यासारखे साता समुद्रापार गेलेले, सगळ्यांची नावं एका छोट्या तुकड्यावर दाटीने बसलेली असतात. 'इतर हक्क' हा रकानाही नीट वाचा; कुळाची नोंद, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाची जुनी नोंद तिथे असते.

ह्यांची वारस नोंद अडली ती नावावर. सातबारावर सासऱ्यांचं नाव दत्ताराम. मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रय. आणि ह्यांच्या ब्रिटिश पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, कारण तिकडे अर्ज भरताना मधलं नाव गाळलं होतं. तलाठी भाऊसाहेब भले गृहस्थ, पण ते म्हणाले, "काकी, मला सगळं माहीत आहे हो. पण माझ्या माहितीवर फेरफार होत नाही." मग आम्ही गावच्या मराठी शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे कसरीने खाल्लेले, आत निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. बाई बोट फिरवत फिरवत १९५८ सालाशी थांबल्या. तिथे ह्यांचं नाव, वडिलांचं नाव दत्ताराम, आणि जन्मतारीख तीच, जी पासपोर्टवर. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्या उताऱ्यावर, आणि तिन्ही कागदांवरची नावं एकाच कुटुंबाची आहेत अशा प्रतिज्ञापत्रावर आमचं काम झालं. अर्ज दिल्यावर नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही देता येतो. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण ऑफिसात गेलात तर भाऊसाहेब म्हणा, तेच चालतं.

तेव्हा येण्याआधी एक रात्र द्या. पासपोर्ट, ओसीआय, लग्नाचा दाखला, शाळेचा दाखला, पेन्शनची पत्रं एका टेबलावर पसरा आणि प्रत्येकावर नाव कसं लिहिलंय ते वहीत उतरवा. जिथे फरक असेल तिथे आत्ताच दुरुस्ती सुरू करा. तिकडून एक पत्र मागवायला जेवढं सोपं, तेवढं इथून नाही.

घराचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत घरपट्टी तुमच्या नावे लागली की बाकीची दारं उघडतात. असेसमेंटचा उतारा घेतला की महावितरणचं बिल नावावर करता येतं, आणि बिल नावावर असलं की गॅस, बँक, सगळीकडे पत्त्याचा पुरावा होतो. घरपट्टी भाऊबंदांपैकी दुसऱ्याच्या नावे असेल तर त्यांच्याशी आधी घरात बसून बोला, ग्रामपंचायतीत नको.

पेन्शनबद्दल मन घट्ट करून वाचा. ब्रिटनची स्टेट पेन्शन भारतात राहणाऱ्याला दरवर्षी वाढत नाही. इथे आलात तेव्हा जी रक्कम होती, तीच राहते. लेस्टरला राहिलेल्या माझ्या नणंदेची दर एप्रिलमध्ये वाढते, माझी नाही. सिलिंडर, औषधं, माणसांची मजुरी मात्र वाढत राहते. मला हा अन्याय वाटतो, आम्ही दोघांनीही तिथे पूर्ण हप्ते भरले होते. तुम्ही बजेट मांडताना पंधरा वर्षांनंतरच्या खर्चाला आजचीच रक्कम धरा. आणि अधूनमधून हयातीचा फॉर्म टपालाने येतो, तो साक्षीदाराच्या सहीने परत पाठवावा लागतो. साक्षीदार कोण चालतो ते फॉर्मवरच लिहिलेलं असतं. ह्यांचा फॉर्म पत्त्यात तालुका आणि पिन नसल्यामुळे भलत्याच गावी फिरून आला, तोवर पेन्शन थांबली होती. पत्ता देताना वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन आणि मोबाइल नंबर, सगळं द्या. पोस्टमनशी ओळख ठेवा. तिकडचं सिमकार्डही चालू ठेवा, तिकडच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. त्यावरून ठरावीक काळाने एखादा मेसेज करत राहा, नाहीतर नंबर बंद होतो.

तिकडची मोफत रुग्णालय सेवा तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, आपण कायमचे आलो की तो हक्क जातो. 'मोठं दुखणं आलं तर परत जाऊ' हा बेत मनातून काढा. इथला आरोग्य विमा घ्या. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांना ६५ वर्षांची मर्यादा राहिलेली नाही, पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे आल्या आल्या घेतलेला बरा. पावसाळ्यात पायात चप्पल आणि हातात बॅटरी असल्याशिवाय मागीलदारी जाऊ नका. फुरसं हा विषारी साप एवढासा असतो, चिऱ्याच्या फटीत दिसतही नाही. चावलं तर बांधाबांध, चिरणं, मंत्र काही नको, १०८ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, तेव्हापासून वेळेत पोचलेली माणसं वाचू लागली.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची, तयारी मे महिन्यातच उरका. तांदूळ, कडधान्यं, सरपण यांच्या जोडीने दोन महिन्यांची औषधं आणि इन्व्हर्टरची बॅटरी बघून घ्या. आणि कागद. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कागदांना बुरशी येते, पासपोर्टचं कव्हर हिरवं पडतं. आम्ही शहाणपणा म्हणून मूळ कागद चिपळूणच्या बाजारपेठेत नातेवाइकांच्या तळमजल्यावर ठेवले होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. चार दिवसांनी ती फाईल मिळाली तेव्हा लग्नाचा दाखला आणि ह्यांचं सरेंडर सर्टिफिकेट एकमेकांना चिकटून एकच जाड, करड्या रंगाचा कागद झाला होता. मी तो वर्तमानपत्रात ठेवून पंख्याखाली तीन रात्री वाळवला. अक्षर एकही राहिलं नाही. नवी प्रत मिळवायला आठ महिने लागले. तेव्हापासून मूळ कागद झाकणाला रबर असलेल्या हवाबंद डब्यात, वरच्या माळ्यावर, आत सिलिका जेलच्या पुड्या. स्कॅन केलेल्या प्रती मुलीकडे आणि ई-मेलमध्ये.

शेवटचं काम कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून लिहिते. इथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथे वेगळं करा, दोन साक्षीदारांसमोर. आणि आपल्यातलं एक गेलं तर दुसऱ्याने काय करायचं हे लिहून ठेवा: मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत, दाखल्याच्या निदान सहा प्रती, मग पेन्शन खात्याला, दोन्हीकडच्या बँकांना आणि पासपोर्ट कार्यालयाला कळवणं. आमचा तो कागद डब्यात सगळ्यांत वर आहे. डबा कुठे आहे ते शेजारच्या वहिनींना दाखवून ठेवलंय, कारण रात्री-अपरात्री मुलीचा फोन लागेलच असं नाही आणि वहिनी एका हाकेवर येतात.