गाडी दारात येण्याआधी घरच्या प्लगची तयारी

इलेक्ट्रिक गाडी बुक करून आलात की त्याच संध्याकाळी विजेचं बिल काढा आणि ‘मंजूर भार’ या शब्दांपुढे किती किलोवॅट लिहिलंय ते बघा. कनेक्शन वडिलांच्या काळातलं असेल तर आकडा एक-दोनच असू शकतो. तेव्हा घरात पंखे, ट्यूबलाइट आणि एक कूलर एवढंच होतं. गाडीसोबत मिळणारा १५ अँपिअरचा चार्जर एकटाच ३ किलोवॅटच्या आसपास ओढतो. त्यात मे महिन्यातला एसी आणि पाण्याची मोटर धरा. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करता येतो, तो गाडी येण्याआधीच करा. मीटर किंवा खांबावरून येणारी वायर बदलायची निघाली तर दिवस जातात. गाडीसाठी वेगळं कनेक्शन घ्यायलाच हवं असं मात्र नाही. घरच्या आहे त्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे.

मग रोजचा हिशेब मांडा. नागपुरात मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत जाऊन-येऊन, वाटेतला भाजीबाजार धरून, ४० किलोमीटर होत असतील तर लहान गाडीला साधारण ७ युनिट पुरतात, म्हणजे अडीच तासांचं चार्जिंग. एवढ्यासाठी ३२ अँपिअरचा भिंतीवरचा मोठा चार्जर लागत नाही. ३० युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर याच प्लगवर १०-११ तास जातील, पण रोज कोण रिकामी करतो? बिलात महिन्याला दोनेकशे युनिटची भर पडेल. आपल्याकडे दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर बदलतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या बिलात ही भर मिळवून कोणत्या टप्प्यात जाता ते आधीच बघून ठेवा.

आता प्लग. ‘गिझरचा पॉवर प्लग आहे ना, त्यावरच लावू’ असं आम्हीही म्हटलं होतं. चौथ्या रात्री पॅसेजमध्ये जळका वास आला. सकाळी वायरमन दादांनी बोर्ड उघडला तर सॉकेटची मागची बाजू वितळलेली आणि फेजचा स्क्रू सैल. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, पाणी तापलं की बंद होतो आणि वायर थंड होते. गाडी तेवढाच करंट तासन् तास सलग ओढते. सैल जोडात एक दशांश ओहम एवढाच अडथळा असला तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. झाळकामाची (सोल्डरिंगची) छोटी इस्त्री २५ वॅटची असते. ती प्लगच्या पोटात तासन् तास चालू ठेवल्यासारखं आहे हे.

म्हणून गाडीसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या मुख्य पेटीपासून, थेट स्वतंत्र लाइन ओढून घ्या. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये एकही जोड नाही, आणि शेवटी चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं नवं सॉकेट. या लाइनला स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) हवी. आरसीसीबी घेताना ‘ए टाइप’ असं सांगूनच मागा. काउंटरवर सहज हातात येणारी ‘एसी टाइप’ गाडीच्या चार्जरला पुरेशी नाही. एमसीबी किती अँपिअरची हे वायर आणि सॉकेट बघून ठरतं. सारखी ट्रिप होते म्हणून मोठी बसवू देऊ नका. तिचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो, त्याहून तापली की ती लवकर ट्रिप होते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरची पेटी आपल्याकडे मे महिन्यात किती तापते ते हात लावून बघा. पेटी सावलीत हलवणं हा खरा उपाय. जुन्या घरात ॲल्युमिनिअमची वायर निघाली तर तिच्यावर गाडी लावायचा विचारही करू नका. आणि ही लाइन इन्व्हर्टरवर गेलेली नाही ना, हे मेन स्विच बंद करून तपासा.

अर्थिंगवर मात्र जास्तीत जास्त वेळ द्या. अर्थिंग कच्चं असेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. बऱ्याच घरांत तिसऱ्या भोकाला वायरच नसते, हे तेव्हा कळतं. अशा वेळी कुणी अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिवा घालवून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल, आणि त्या पत्र्याला घरातली लेकरं हात लावणार आहेत.

शिवाय आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही, म्हणून ऑगस्टमध्ये उत्तम निघालेलं अर्थिंग मे महिन्यात नापास होऊ शकतं. नवा खड्डा घेताना पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरून घ्या, वर पाणी ओतायला तोंड ठेवा, आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. कूलरची टाकी धुता तेव्हा ते पाणी इकडेच वळवलं तरी चालेल. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत यायला हवं. मोजणं उन्हाळ्यात झालं तर सर्वात चांगलं.

सॉकेट किती उंचीवर घ्यायचं? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत घराघरांत पाणी शिरलं. त्यानंतर खालच्या पार्किंगमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर सॉकेट बसवायला माझं मन धजत नाही. छातीच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत घ्या. चार्जरचा डबा प्लगला लोंबकळू देऊ नका, त्याला खुंटी ठोका. वायर प्लगच्या खाली झोल देऊन वर आणा, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच गळून पडेल. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, एका रात्रीपुरताही नको. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज द्या आणि वायर स्वतःच्या मीटरपासूनच आणा; अंतर लांब असेल तर ती ६ चौरस मिलिमीटरची घ्या.

गाडी येईल तो दिवस पेढे आणि पूजेचा. पहिलं चार्जिंग मात्र तुम्ही जागे असतानाच करा. आधी पिन पूर्ण आत बसवा, मग बटण चालू करा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा, दोन तासांनी पुन्हा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडीतून चार्जिंग थांबवा, बटण बंद करा, मगच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. मे महिन्यात दुपारी उन्हातून आल्या आल्या लावू नका. गाडीत वेळ लावायची सोय असेल तर पहाटे २ ची लावा. तेव्हा हवा थोडी निवलेली असते आणि शेजारपाजारचे एसीही एकेक करून बंद होत आलेले असतात. महिन्यातून एकदा सॉकेट पिवळं पडलंय का ते बघा, आणि दिवाळीच्या सफाईत वायरमनकडून त्याचे स्क्रू आवळून घ्या.