घारापुरीला पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

बरेच जण बेटावर उतरल्यावर दुर्बीण बाहेर काढतात. तोवर निम्मे पक्षी मागे पडलेले असतात. गेटवेहून लाँचचा तासाभराचा प्रवास, खरी मजा तिथेच. टॉपला बसायचे वरचे पैसे द्या आणि जाताना डावी बाजू धरा. सकाळचं ऊन उजवीकडून येतं. त्या अंगाला बसलात तर कुरव (सीगल) नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

गाठ्यांचा पुडा घरीच ठेवा. पहिल्या खेपेला मीही फोडला होता. थवा हाताशी आला, नुसता कालवा! घरी येऊन फोटो पाहिले तर जवळजवळ प्रत्येक चोचीत गाठी. मासा टिपणारा एकही नाही. तेल-मिठाचं बेसन हे त्यांचं खाणंही नव्हे. लाँचच्या पंख्यानं ढवळलेल्या पाण्यावर ते आपसूक येतात, तुम्ही फक्त मागच्या बाजूला नजर ठेवा.

दुसरा घोळ नावाचा. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणून डिसेंबरात तपकिरी डोकं शोधू नका. लडाख, तिबेटकडची वीण उरकून तो इथे येतो तेव्हा डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे काजळाचं बोट लावल्यासारखा ठिपका. तसा ठिपका काळ्या डोक्याच्या कुरवालाही असतो, म्हणून डोळा बघा: तपकिरीवाल्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद. मार्चच्या सुमारास डोकी रंगू लागतात. पावसाळ्यात मात्र या थव्यांची आशा धरू नका.

भरती-ओहोटी न बघता निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ॲप नसलं तरी कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता मुंबईत पूर्ण भरती. अष्टमीला सहा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. तेव्हा जेट्टीलगतचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या हे छोटे किनारपक्षी पळापळ करत चरताना दिसतात. भरतीला तिथे नुसतं पाणी. जेट्टीवर टॉय ट्रेन असते, पोरं हट्ट करतील, पण चालतच जा. चिखलात उतरू मात्र नका. पाय रुततो आणि पक्षीही उडतात.

सोमवारी लेणी बंद असतात. पक्ष्यांना काय त्याचं, पण बरोबरची मंडळी कुरकुरतील.

परतताना ऊन जवळजवळ समोर येतं. तेव्हा उजवी बाजू.