ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये आतड्याचं ऑपरेशन: आधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

माझ्या आईच्या वेळी "आतडं काढावं लागू शकतं, पिशवी लागू शकते" (म्हणजे पोटावर लावलेली, शौच गोळा करणारी पिशवी) हे आम्ही ऑपरेशनच्या आदल्या रात्री सही करताना वाचलं आणि आई रात्रभर जागी होती. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की हा आतड्याचा वेगळा कॅन्सर नाहीये. ओव्हरीचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावरून पसरतो, आणि ओव्हरी, गर्भपिशवी, गुदाशय सगळं ओटीपोटात एकमेकांना खेटून असतं, म्हणून स्टेज ३ मध्ये गाठ बऱ्याचदा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला चिकटलेली निघते. सर्जनला डोळ्यांना दिसेल अशी एकही गाठ मागे ठेवायची नसते, कारण ते जमलं तर पेशंटचं आयुष्य वाढायची शक्यता सगळ्यात जास्त. त्यासाठी तेवढा तुकडा काढतात आणि दोन टोकं बहुतेक वेळा स्टेपलरने जोडतात.

पण बाकी पोटात गाठी राहणारच असतील तर नुसतं आतडं कापून फारसं हाती लागत नाही, मग बऱ्याचदा आधी ३ केमो (कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल) देऊन गाठी आटवतात आणि मग पोट उघडतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, सगळं निघेल असं स्कॅनवर वाटतंय का, आतड्याचा सर्जन सोबत असणार का, जोड एकच की दोन, पिशवी लागली तर तात्पुरती की कायमची, आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) किती आहे. पोटात पाणी झालेल्या बायकांचं अल्ब्युमिन बऱ्याचदा घसरलेलं असतं आणि ते कमी असेल तर जोड लीक व्हायचा धोका वाढतो, त्यामुळे हाताशी आठवडे असतील तर डाएटिशियनला गाठून प्रोटीन वाढवायच्या मागे लागा.

पिशवीची शक्यता असेल तर ती कुठे बसवायची याची आधीच पोटावर खूण करून घ्या, हे अजिबात सोडू नका. पेशंटला उभं करून, बसवून, वाकायला लावून बघतात. आईला परकराची नाडी बांधून दाखवायला लावली तेव्हा कळलं की आधीची जागा बरोबर नाडीखाली येत होती. मग खूण खाली सरकवली.

ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा ते दहा दिवस डोळ्यात तेल घालून बघा. ताप, नाडी जोरात पळणं, पोट फुगणं, वाढत जाणारं दुखणं, ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) घाण वासाचं पाणी यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका, लगेच सांगा. आणि सर्जनला विचारल्याशिवाय एनिमा नाही.

आता पिशवी. स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, लालसर गुलाबी, ओला असतो, हात लावला तर दुखत नाही, पुसताना थोडंसं रक्त आलं तर घाबरू नका, पण काळा निळा पडला तर तातडीने हॉस्पिटल. प्लेटचं (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं कापा, जास्त मोठं झालं की कातडी सोलवटते. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप परत परत घ्या, आम्ही जुन्याच मापाने कापत राहिलो आणि आईची कातडी लाल भडक झाली. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी भराभर जातं, दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं तर नुसतं साधं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या आणि डॉक्टरांना कळवा. तात्पुरता असेल तर तो सहसा केमो संपल्यावर बंद करतात. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पिशवी लावलेल्या बाईशी एकदा बोलणं करून द्या.

कॅन्सर परत आल्यावर आतडं अडलं तर गणित वेगळं असतं. उलट्या, कळा येऊन दुखणं, गॅस बंद, ही लक्षणं दिसली की घरी जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका. अशा वेळी आधी नाकातून नळी, सलाईन, आतड्यात पाझरणारं पाणी कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं, ऑपरेशन त्यानंतर आणि तेही निवडक पेशंटना, कारण अडथळा एकाच ठिकाणी आहे की दहा ठिकाणी यावर सगळं ठरतं. तेव्हा तिच्या अंगात किती ताकद आहे आणि तिला स्वतःला काय हवंय हे डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या.