लांबच्या क्रूझचे पहिले दिवस : या चुका टाळा

दोन-तीन आठवड्यांच्या क्रूझवर निघणारे बहुतेक नाशिककर कपड्यांची आणि खाऊची तयारी मन लावून करतात. बोटीवरचे पहिले तीन दिवस मात्र बिघडतात ते वेगळ्याच कारणांनी, आणि त्यांतली बरीचशी चूक घराला कुलूप लावण्यापूर्वीच झालेली असते.

पहिली चूक वेळेची. बोट कोणासाठी थांबत नाही, आणि सुटण्याच्या तास-दीड तास आधीच प्रवेश बंद होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईला जाताना कसारा घाट टाळता येतो हे खरे. पण आमण्यापुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी कोणाला चुकलेली नाही. म्हणून बोट मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून सुटणार असो वा सिंगापूरहून, त्या शहरात आदल्या दिवशीच पोहोचावे. सफर ज्या देशातून सुरू होते तिथेच परत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, हेही तिकीट काढतानाच पाहावे. मार्गात आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचे (यलो फीवर) देश असतील, तर लस वेळेत घ्यावी; तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरले जाते आणि ते नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.

धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या त्या बॅगेत टाकून दुपारभर बोटीवर अस्वस्थ फिरणारी ज्येष्ठ मंडळी दिसतात, आणि ही चूक किती सहज टाळता आली असती असे वाटून वाईट वाटते. पासपोर्ट, औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच हवा.

सुरक्षा सराव कंटाळवाणा वाटला तरी तो मनापासून करावा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव तोवर झालेला नव्हता. चोवीस तासांच्या आत सराव घेण्याची तेव्हा मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून तो बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला की कुठे जमायचे, ते केबिनपासून एकदा स्वतः चालत जाऊन पाहावे. लिफ्ट वापरू नये.

सर्वाधिक त्रास होतो तो बोट लागण्याचा. डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, आतल्या कानाला मात्र डुलणे जाणवते, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. घाटात गाडी लागते त्यांना हा अनुभव नवा नाही. मुख्य चूक म्हणजे उलट्या सुरू होईपर्यंत गोळीची वाट पाहणे. तोवर पोटाचे काम मंदावलेले असते आणि गोळी पोटात टिकतही नाही. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन आधीच घ्यायची असते, परंतु काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि गोळीबरोबर मद्य अजिबात नको. उपाशी राहिल्याने बरे वाटते हाही गैरसमज आहे. कोरडी पोळी, खाकरा, आलेपाक असे थोडे थोडे पोटात असावे. केबिनमध्ये पडून मोबाइल पाहण्याऐवजी बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरच्या मोकळ्या डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहावे. शरीर साधारण दोन-तीन दिवसांत सरावते. मात्र उलट्यांबरोबर जुलाब असतील तर तो बहुधा संसर्ग असतो. अशा वेळी लपवाछपवी न करता बोटीवरच्या दवाखान्यात कळवावे. असे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, त्यासाठी साबणाने हात धुणेच हवे.

केबिनमध्ये चहासाठी किटली, पाणी तापवायचा रॉड किंवा इस्त्री नेऊ नये. बहुतेक बोटींवर तपासणीत त्या काढून घेतल्या जातात. रोजच्या पूजेत खंड पडू नये ही भावना समजण्यासारखी आहे, पण उदबत्ती आणि निरांजन बोटीवर खरोखर धोक्याचे असते; नामस्मरणाने भागवावे. संडास हवेच्या दाबाने खेचला जातो, त्यात ओले टिश्यू किंवा अन्न टाकल्यास नळी तुंबून शेजारच्या केबिनचीही गैरसोय होते. बहुतेक बोटींवर संडासात पाण्याचा जेट नसतो, म्हणून एक छोटा मग सोबत असावा. एसी चालत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी बाल्कनीचे दार घट्ट लागले आहे का ते पाहावे; अनेक बोटींवर दार उघडे राहिले की एसी आपोआप थांबतो.

किनारा सुटण्याआधीच मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर तो बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊन बिल हजारोंच्या घरात जाते. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी सांगितलेले असले, तरी पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. कांदा-लसूण, अंडी आणि माशांचे सॉस वेगवेगळे नमूद करावे. पश्चिमेकडे जाताना काही रात्री घड्याळ एक तास मागे जाते. फोन दाखवील ती वेळ न पाहता बोटीच्या पत्रकातली वेळ मानावी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा दिवसांचे डोस कसे घ्यायचे ते नाशिकमधल्या आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच आणावे.