फार मळलेली गाडी आतून साफ करताना या चुका टाळा

नाशिक परिसरात गाडी आतून मळण्याची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दिंडोरी-निफाडकडच्या गाड्यांत द्राक्षांचे क्रेट, फुटलेल्या मण्यांचा चिकट रस आणि बागेतली धूळ असते. पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडे जाऊन आलेल्या गाडीत चिखलापेक्षा ओल अधिक त्रास देते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारून आलेली मंडळी ओल्या कपड्यांनी तशीच सीटवर बसतात, वणीच्या गडावरून परतताना हळद-कुंकू सांडते, आणि मिसळीच्या पार्सलमधली तर्री तर बारा महिने केव्हाही सांडू शकते. या प्रत्येक घाणीचा स्वभाव वेगळा असला तरी ती काढताना गाडी बिघडते ती बहुधा एकाच रीतीने: चारही दारे उघडली जातात, आत पाणी मारले जाते, भरपूर शाम्पू ओतला जातो आणि संध्याकाळी काचा बंद करून गाडी उभी केली जाते. मळलेल्या गाडीचे जेवढे नुकसान मळाने होत नाही, तेवढे या एका दिवसाच्या पाण्याने होते.

कोरडे काम अर्धवट सोडणे

पायाकडच्या कार्पेटमध्ये वाळलेली काळी माती ही अतिशय बारीक कणांची चिकणमाती असते. पाणी लागताच ती फुगते, तिचा रबडा होतो आणि तो धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणून चिखल ओला असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा, मग ताठ केसांच्या ब्रशने धागे उलटसुलट मोकळे करत त्याच वेळी दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमची नळी फिरवावी. एकदा व्हॅक्यूम करून थांबू नये. कार्पेटवर तळहाताने थापट्या मारल्या की खालची धूळ पुन्हा वर येते आणि दुसऱ्या फेरीत निघते. सीट आधी पूर्ण पुढे व नंतर पूर्ण मागे सरकवून रुळांच्या खाचा साफ कराव्यात, कारण शेंगांची टरफले, नाणी आणि खडी तिथेच अडकतात. सीटच्या शिवणी, गिअरभोवतालची फट आणि एसीच्या जाळ्या यांसाठी रंगकामाचा जुना, मऊ ब्रश उत्तम चालतो.

एकूण वेळेपैकी निम्मा वेळ या कोरड्या कामाला गेला तर तो वाया गेला असे समजू नये. क्रम छतापासून जमिनीकडे असावा. आधी कार्पेट चकचकीत करून नंतर डॅशबोर्डची धूळ खाली पाडणारे लोक वॉशिंग सेंटरवरही दिसतात, आणि ग्राहक घाईत असल्यामुळे त्यांना कोणी हटकत नाही.

कोरडे काम आधी करण्याच्या या नियमाला एक अपवाद आहे. बागेत किंवा शेडमध्ये बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांच्या लेंड्या किंवा घरटे आढळले तर तिथे झाडू, ब्लोअर वा व्हॅक्यूम वापरू नये, कारण त्यातील रोगजंतू धुळीबरोबर श्वासात जाऊ शकतात. दारे उघडून गाडीत हवा खेळू द्यावी, हातमोजे व मास्क घालावा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण त्या जागेवर फवारून पाच मिनिटे थांबावे आणि मग कागदाने टिपून सगळे पिशवीत बंद करावे. ब्लीचने कापडाचा रंग उडतो, म्हणून सीटवर किंवा कार्पेटवर त्याऐवजी कापडाला चालणारे जंतुनाशक वापरावे. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि उंदरांची ती आवडती जागा आहे. तो उघडून पाहिल्याखेरीज काम संपले असे समजू नये.

वाळवता येणार नाही इतके भिजवणे

कार्पेटच्या खाली नमद्याचा (दाबून बसवलेल्या धाग्यांचा) किंवा फोमचा जाड थर असतो आणि त्याखाली थेट पत्रा. वरचे कापड तासाभरात हाताला कोरडे लागते, पण खालचा थर कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. त्यातून कुबट वास येतो, बुरशी धरते आणि पुढे पत्र्याला गंज चढतो. शिवाय दाराच्या उंबऱ्याखालून वायरिंगचे जुडगे गेलेले असते, आणि काही गाड्यांत सीटखाली किंवा पायाकडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्याही असतात. त्यामुळे गाडीच्या आत प्रेशर गन मारू देणे ही चूक नसून निव्वळ हेळसांड आहे. रबरी मॅट बाहेर काढून खुशाल गनने धुवावेत. आत गनला जागा नाही.

जेवढे त्याच दिवशी वाळेल तेवढेच भिजवावे, हे माप ठेवले तर बहुतेक संकटे टळतात. शाम्पूचे द्रावण बादलीत घुसळून फक्त त्याचा फेस ब्रशवर घ्यावा, एका वेळी एकाच सीटचा एक भाग घासावा आणि लगेच पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने किंवा जाड सुती कापडाने तो टिपून घ्यावा. त्यानंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने तोच भाग पुन्हा पुसणे आवश्यक आहे, कारण मागे राहिलेला साबण चिकट असतो आणि त्यावर नवी धूळ अधिक वेगाने बसते. धुतलेली सीट आठवड्यात पुन्हा काळी दिसू लागली तर दोष बहुधा धुळीचा नसून न निघालेल्या शाम्पूचा असतो.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचे ऊन या कामी येते. सकाळी लवकर सुरुवात करून दुपारभर दारे उघडी ठेवली तर सीट वाळते. पावसाळ्यात मात्र, विशेषतः घोटी-इगतपुरीच्या बाजूला, सीट ओली धुण्याचा बेत पुढे ढकलावा आणि कोरड्या सफाईवर भागवावे. कार्पेट चुकून भिजलेच असेल तर उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून त्याची कड उचलावी, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि टेबलफॅनचा वारा आत जाईल असे करावे. वाळले की नाही हे हात फिरवून कळत नाही. वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर पायाचा पूर्ण भार द्यावा. कागद ओलसर झाला तर काम अजून बाकी आहे.

छताचे अस्तर याहून नाजूक असते. त्याचे कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेले असते, ते भिजले की गोंद सुटतो आणि कापड लोंबू लागते. तिथे फेस लावलेला मायक्रोफायबर एकाच दिशेने हलका फिरवावा. डाग थोडा राहिला तर राहू द्यावा.

डाग न ओळखता साबण लावणे

तर्रीच्या डागात दोन वेगळ्या गोष्टी असतात, तेल आणि हळद. तेलासाठी लोक कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा चोळतात आणि पिवळा डाग लालभडक होतो, मग घाबरून आणखी साबण लावतात. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कली लागताच लाल होते, एवढेच तिथे घडलेले असते. अशा वेळी पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर कापडाने टिपले की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. मुळात सांडलेली तर्री आधी चमच्याने खरवडून काढावी, तेल शोषण्यासाठी त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवावी, ती व्हॅक्यूमने ओढून घ्यावी आणि मग भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब पाण्यात मिसळून वापरावेत. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. हळद सूर्यप्रकाशात टिकत नाही, त्यामुळे घासून कापड फाडण्यापेक्षा दोन दिवस त्या बाजूची काच उन्हाकडे करून गाडी लावणे शहाणपणाचे ठरते.

काळ्या द्राक्षांचा रसही अल्कलीने रंग बदलतो आणि निळसर होतो, म्हणून तिथेही आधी साबण नको. त्यातील साखर कोमट पाण्यात सहज विरघळते. ओल्या कापडाने कडेकडून मध्याकडे टिपत यावे. साखर राहिली तर मुंग्या येतात, आणि बंद गाडीत मुंग्यांचे औषध फवारणे हा त्यावरचा उपाय नाही. दूध, रक्त, उलटी किंवा अंडे यांना गरम पाणी लावले तर त्यातील प्रथिने गोठून धाग्यात पक्की होतात. तिथे थंड पाणी आणि नंतर एन्झाइम असलेला क्लीनर हवा. दुधाच्या वासावर अत्तराची बाटली लटकवून काही होत नाही, कारण वास फोममध्ये गेलेल्या दुधाचा असतो. रहाडीचा रंग कापडी सीटमध्ये मुरला असेल तर तो पूर्ण जाईलच असे नाही, आणि जो दुकानदार तशी खात्री देतो त्याच्या हातातल्या बाटलीत बहुधा ब्लीच असते.

घरातली बाटली गाडीत वापरणे

फिनेलचा वास बंद गाडीत दिवसेंदिवस राहतो. टॉयलेट क्लीनरमधले आम्ल धातूचे स्क्रू आणि सीटचे रूळ खाते, आणि ते ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो; गाडीसारख्या लहान जागेत हे जिवावर बेतू शकते. थिनर किंवा ॲसिटोनने मीटरवरचे पारदर्शक प्लॅस्टिक कायमचे धुरकट होते. पेट्रोलने डाग काढण्याची जुनी सवय तर सर्वांत वाईट, कारण त्याची वाफ सीटखाली साचते आणि व्हॅक्यूमच्या मोटारीतली एक ठिणगी आग लागायला पुरेशी असते.

डॅशबोर्डवर सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश मारल्याने दुपारी समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडते आणि रस्ता नीट दिसत नाही. स्टिअरिंग व पेडलवर ते लावणे सरळसरळ धोकादायक आहे. सीटबेल्ट साफ करायचा असेल तर तो पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावावा, सौम्य साबणाने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावा. ब्लीचने त्याचे धागे कमजोर होतात आणि तो कमजोर झाला आहे हे अपघातापर्यंत कळत नाही. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) तारा असतील तर कापड त्या तारांच्या दिशेनेच फिरवावे, त्यांना छेदून नव्हे.

सफाईनंतर येणाऱ्या तक्रारी

सीटवर गोल पांढरट कडा उमटल्या तर तेवढीच जागा पुन्हा घासू नये. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग हलका ओला करून एकसारखा टिपावा, म्हणजे कड राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काचांना आतून वाफ धरत असेल तर कुठेतरी पाणी शिल्लक आहे. एसी सुरू करून हवा बाहेरून घेण्याच्या स्थितीत ठेवावी, कारण तीच हवा आत फिरवत राहिल्यास ओल बाहेर जात नाही.

पुढच्या डाव्या सीटसमोरचे कार्पेट वाळवूनही पुन्हा ओले होत असेल तर सफाईला दोष देण्यापूर्वी एसीचा ड्रेन पाइप पाहावा. तो धुळीने तुंबला की गाडीखाली ठिबकणारे पाणी आत येते, आणि अनेक गाड्यांत ते त्याच बाजूला उतरते. तेच पाणी गोडसर वासाचे व बोटाला चिकट लागत असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल तर तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आहे. तिथे गॅरेजच गाठावे लागते. पॉवर विंडोचे बटण पाणी गेल्यामुळे बंद पडले तर ते पुन्हा पुन्हा दाबू नये, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ते पूर्ण वाळू द्यावे.

सीट काढून साफ करण्याची हौस अनेकांना असते. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. इग्निशन सुरू असताना ते ओढले की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो पुष्कळदा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा धरता येत नाही. बोल्ट काढण्याची खरी गरज क्वचितच पडते, लांब नळी आणि पातळ ब्रश यांनी बहुतेक जागा गाठता येते.

बागायतदारांच्या गाडीसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डिकीत फवारणीच्या औषधाची बाटली फुटली असेल तर ती सफाई नेहमीची नव्हे. पाणी मारू नये, व्हॅक्यूम लावू नये, आणि गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊ नये, कारण तिथले पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. हातमोजे घालून सांडलेल्या जागेवर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा, ते शोषून घेतल्यावर पत्र्याच्या तुकड्याने उचलून वेगळ्या पिशवीत बांधावे आणि बाटलीवरच्या लेबलवर दिलेल्या सूचना पाळाव्यात. औषध कार्पेटखालच्या नमद्यापर्यंत गेले असेल तर तो तुकडा कापून टाकून नवा बसवावा. मे महिन्यात बंद गाडी तापली की त्याच नमद्यातून औषधाची वाफ वर येते, आणि मागच्या सीटवर बहुधा मुले बसलेली असतात.